मोजून दिलेली पूड

तुला जाऊन आज सहा दिवस झाले. संध्याकाळी सवयीने मागच्या पायरीवर येऊन बसले. मांडीवर पुस्तक होतं, ते उघडलं नाही. तू असताना मी पुस्तक उघडायचे ते वाचण्यापेक्षा तुझ्याकडे न बघण्यासाठीच जास्त. बघणारी माणसं तुला आवडत नसत. आता सुपारीच्या झाडांखाली कुणी नाही, हवं तितका वेळ तिकडे बघता येतं, तर बघवत नाही.

माणसाला न सरावलेल्या एका मांजरीला उद्देशून असं काही लिहिणं विचित्र आहे, हे मला कळतं. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी लिहिलं ते म्हणजे आकडे, तारखा आणि खाली सही. पण जे सांगायचं आहे ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. तात्यांना वाटतंय, तू त्यांच्या तारेने गेलीस. तसं झालं नाही. पालघरच्या डॉक्टरांना ते माहीत आहे, मला माहीत आहे. तात्यांना माहीत नाही, आणि सहा दिवस मी त्यांना सांगितलेलं नाही.

तात्या आणि काकू म्हणजे माझे घरमालक, हे तुला वेगळं सांगायला नको. पण 'मालक' हा शब्द तुला कधी पटला नसता. बोईसरजवळच्या पाम गावातल्या या वाडीत नारळ त्यांचे, सुपाऱ्या त्यांच्या, कोंबड्या त्यांच्या, मागच्या दोन खोल्या भाड्याने मला दिलेल्या. तू मात्र कुणाची नव्हतीस. सांगलीकडून नोकरीसाठी मी इथे आले तेव्हा वर्षभर राहीन असं वाटलं होतं. तुझंही तसंच काही असेल. एका पावसाळ्यानंतर पंपाच्या खोलीमागे रचलेल्या झावळ्यांतून तू बाहेर आलीस, राखाडी, डावा कान टोकाशी फाटलेला, आणि माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मीच तुझ्या जागेत राहायला आले आहे. मग तीन वर्षं आपलं तेवढंच. मी पायरीवर, तू आठ पावलांवर अळवाच्या वाफ्याशी. ताटली मधोमध. मी आत गेले की तू जेवायचीस.

काकूंना ते हास्यास्पद वाटे. एकदा मी जवळा भाजत होते, वासाने तू नेहमीपेक्षा दोन पावलं पुढे आलीस आणि मला इतका आनंद झाला की मी तो काकूंना सांगायला गेले. त्या नारळ सोलत होत्या. म्हणाल्या, "दोन पावलां? तीन वर्सांत? लगीन जमेस्तवर दोघी म्हाताऱ्या व्हाल." मग मी तुला नाव ठेवायचं म्हणाले, तर त्यांनी कोयता खाली ठेवला. "नाव नको ठेवू, बाय. नाव ठेवलं का ती आपली व्हते. मग गेली का रडत बसशील." तुला नाव ठेवलं नाही. काकूंचं ऐकलं म्हणून नव्हे, मला सुचलं नाही. नाव न ठेवताही रडू येतं, तिथे त्यांचा अंदाज चुकला, एवढं त्यांना कधीतरी सांगेन.

कोंबडीची अंडी जायला लागली तेव्हा तात्यांना मुंगसाचा संशय आला. खुराड्याच्या कुंपणाला खालून एक फट होती. तिथे त्यांनी स्कूटरच्या क्लचच्या जुन्या तारेचा फास लावला. मला दाखवलाही. त्यांच्या वडिलांकडून शिकलेली गाठ होती, ओढली की आवळते आणि मागे सरकत नाही. मी त्या गाठीचं कौतुक केलं. तुझा विचार माझ्या मनातही आला नाही. अंडी तूच खात होतीस का, हे मला अजून माहीत नाही. असशील तर बरं वाटेल. निदान काहीतरी मिळालं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फास तुटलेला होता. संध्याकाळी तू आलीस ती तीन पायांवर. मागच्या उजव्या पायात, पंजाच्या वर, तार रुतलेली आणि तिचं टोक मातीत ओढलं जात होतं. तात्या माझ्या दारातच उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि तसेच वाडीत गेले. कुंपणाच्या दुसऱ्या बाजूलाही एक फास होता, तो काढून आणला आणि हातात घेऊन उभे राहिले. कुठे टाकावा हे त्यांना कळत नव्हतं.

पुढचा आठवडा मी तुझ्यापुढे जेवढी लाचार झाले तेवढी कुणापुढे झाले नाही. रोज ताटली वीतभर अलीकडे सरकवायची. बोंबिलाचा तुकडा, उकडलेलं अंडं, एकदा तर काकूंनी खास ठेवलेला मांदेलीचा रस्सा. तू यायचीस, खायचीस, आणि मी नुसती पापणी हलवली तरी तीन पायांवर अशी पळायचीस की तारेचं टोक झाडाच्या मुळाला अडकून तू कळवळायचीस. म्हणजे मी मदत करायला पुढे झाले की तुलाच जास्त लागत होतं. चौथ्या दिवशी वारा वळला आणि जखमेचा वास पायरीपर्यंत आला. पाचव्या दिवशी माश्या होत्या. प्रयोगशाळेत बसून मी काचनळीतल्या द्रावणाचा रंग बदलायची वाट बघत असे आणि डोळ्यांपुढे तुझा पाय असे.

तुला पकडायचं का, यावर माझा आणि काकूंचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, जंगलातलं जनावर स्वतःचं स्वतः बघतं, पाय गळून पडेल आणि ते तीन पायांवर जगेल, त्यांनी तसं कुत्रं पाहिलं होतं. माझं म्हणणं, तार आत असताना काही बरं होत नाही. मी जंतू, पू, रक्तात विष पसरणं, असं बरंच काही बोलले. काकू शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. तुला जास्ती कळतं." वाद तिथे संपला. संपला म्हणजे थांबला. कुणाचं खरं होतं हे आता ठरणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तात्यांनी कोंबड्या झाकायची बांबूची टोपली काठीवर टेकवून ठेवली, काठीला दोरी बांधली, दोरी माझ्या हातात दिली. माझ्या हातून नेम चुकेल म्हणून मी ती परत त्यांच्याकडे दिली. ते म्हणाले, "तुमीच वडा, म्याडम. तिचा तुमच्यावर भरवसा हाय." मी ओढली. तू अडकलीस. टोपलीखालून जो आवाज आला तो तुझा आहे हे मला पटायला वेळ लागला. तीन वर्षांत तू माझ्यासमोर कधी आवाजच केला नव्हतास.

तार कापताना तात्यांनी हाताला गोणपाट गुंडाळलं होतं, तरी तू त्यांच्या अंगठ्याला चावलीस, हाडापर्यंत. त्यांनी हात मागे घेतला नाही. पक्कड नीट बसेपर्यंत चावू दिलं. तार निघाल्यावर काकू हळद घेऊन धावल्या, ती आधी तुला की आधी त्यांना यावर क्षणभर गोंधळ झाला. मी म्हटलं, तात्या, सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागतील, पाच वेळा. ते अंगठा धुवत म्हणाले, "घेतो की. बरं केलं तिनं."

बोईसरच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी लगेच फोन केला. ते गावी गेले होते, सोमवारी येणार होते. इथपर्यंत सगळं तू पाहिलंस, सोसलंस. यापुढचं मी एकटीने केलं.

टोपलीत तू तापाने फणफणत होतीस. श्वास भरभर चालला होता. दोन दिवस तुला दुखत राहणार आणि मी बाहेरून बघत राहणार, हे मला सहन होईना. कारखान्यात आम्ही तापाच्या गोळ्या तपासतो. अर्ध्या भारताच्या उशापाशी असते ती साधी पांढरी गोळी. वीस वर्षं तिच्या प्रत्येक बॅचमधून मी नमुना काढला आहे, विरघळवला आहे, मोजला आहे. माझ्या ओळखीचं जगात दुसरं काही असेल-नसेल, ती गोळी आहे.

मग मी सगळं नीट केलं. हेच मला तुला सांगायचं आहे, की मी किती नीट केलं. तात्यांच्या सुपारी तोलायच्या काट्याला टोपलीसकट तुला अडकवलं, वजन घेतलं, मग रिकाम्या टोपलीचं वजन वजा केलं. तू तीन किलोलाही भरली नाहीस. लहान मुलांना वजनाप्रमाणे किती देतात ते मला पाठ आहे, त्यावरून हिशेब केला, आणि सावधगिरी म्हणून थोडं कमी धरलं. शनिवारी घरातली गोळी सोबत नेली, जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या बारीक काट्यावर तिची पूड तोलली आणि कागदाच्या दोन पुड्या केल्या. एक शनिवारची, एक रविवारची. घरी येऊन पहिली पुडी सुरमईच्या उकडलेल्या तुकड्यात कालवली. तू खाल्लंस. माझ्या हातून, इतक्या जवळ, पहिल्यांदा. तासाभराने तू झोपलीस आणि मी काकूंना सांगितलं की उतार पडतोय.

रविवारी सकाळी दुसरी दिली.

दुपारी तुझा चेहरा सुजला. आधी मला वाटलं, टोपलीच्या काड्यांतून तसा दिसतोय. मग पुढचे पंजे सुजले, ज्यांना काही झालंच नव्हतं. हिरड्या मातकट झाल्या. जखमेचं विष चढलं, असं काकू म्हणाल्या आणि मी हो म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन लागेना, म्हणून रिक्षाने तुला पालघरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तात्या आले होते, अंगठ्याला पट्टी, टोपली मांडीवर. रिक्षावाला हिंदीत विचारत होता की कोंबडी किती मोठी आहे. तात्या त्याला मराठीतच म्हणाले, "मांजर हाय. गाडी सांभाळून घे."

आत मी एकटी गेले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी तुझी हिरडी बोटाने दाबून पाहिली, पायाकडे नंतर बघितलं. मग विचारलं, "माणसांचं काही औषध दिलं का?" मी नाव सांगितलं, मात्रा सांगितली, वजनाचा हिशेबही सांगितला. अजूनही मला वाटत होतं की हिशेब ऐकून ते मान हलवतील. त्यांनी मान हलवली, पण नकाराची. म्हणाले, "मॅडम, मांजराला ही गोळी मुळीच चालत नाही. कितीही कमी दिली तरी. ते औषध मोडून टाकायची सोय त्यांच्या शरीरात नाही." मग ते उताऱ्यासाठी धावपळ करू लागले, माणसांच्या औषधाच्या दुकानातून मागवलं, सलाईन लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली.

आमच्या प्रयोगशाळेत कुठलाही आकडा एका सहीने बाहेर जात नाही. खाली दोन चौकोन असतात. एकात 'केले', दुसऱ्यात 'तपासले'. दोन्हीत एकाच माणसाची सही कधीच चालत नाही. नवीन मुली येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते. सांगते की हुशार माणसाची चूक सगळ्यात नीटनेटकी असते, म्हणून दुसरा डोळा लागतो. आणि तुझ्या बाबतीत मी कुणाला विचारलं नाही. फोन हातात होता, दोन शब्द लिहिले असते तर उत्तर समोर आलं असतं. विचारावं असं वाटलंच नाही, कारण मला माहीत होतं. वजन बरोबर होतं, भागाकार बरोबर होता, काटा बरोबर होता. औषध शुद्ध होतं. फक्त तू माणसाचं मूल नव्हतीस, एवढंच मी तपासलं नव्हतं.

तू दुपारी गेलीस. शेवटचा तासभर मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुझे केस दिसायचे त्यापेक्षा राठ होते, आणि कानामागे मात्र मऊ, पिल्लासारखे. तुला हात नको होता, हे मला दिसत होतं. कातडी माझ्या बोटांखालून दर वेळी आक्रसत होती. मान वळवायची ताकद नव्हती म्हणून तू राहू दिलंस. मला हात काढून घ्यायला हवा होता. तो काढवला नाही. त्या एका गोष्टीची माफी मागावी की तिच्यासाठी तुझे आभार मानावे, हे ठरवता येत नाही. दोन्ही करते.

बाकी आभार वेगळे आहेत. इथे मला ओळखणारी माणसं थोडी. कारखान्यातून आल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे. तू बोलत नव्हतीस, जवळ येत नव्हतीस, तरी संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुणीतरी माझी वाट बघतंय, एवढं होतं. ताटलीची बघत असशील. मला तेवढं पुरत होतं. मी त्या तीन वर्षांत जितकी पुस्तकं वाचली तितकी त्याआधी कधी वाचली नव्हती, पण एका जागी शांत बसायला मला शिकवलंस ते तू, कुठल्या पुस्तकाने नाही.

त्या दुपारी दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा तात्या रिक्षाच्या कडेला उभे होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. म्हणाले, "पाय सडला ना?" आणि मी काहीच बोलले नाही. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. प्रश्न त्यांचा होता, उत्तरही त्यांनीच गृहीत धरलं. मी फक्त गप्प बसले. त्यानंतर रोज गप्प बसणं सोपं होत गेलं.

त्यांनीच खड्डा खणला, पंपाच्या खोलीमागे, एका हाताने. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर खुराड्याची फट त्यांनी विटांनी बुजवली होती. अंडी पुन्हा जायला लागली तरी फास लावणार नाही, असं ते काकूंना म्हणाले. त्यांचं जेवण कमी झालं. तिसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या, आत न येता दारातच बसल्या. म्हणाल्या, "तुझे तात्या बोलत नाय गो. मांजरीपायी माणूस असा करतो का? त्यांचा बाप सगळी हयात फास लावत व्हता." मग त्यांनी आठवड्याच्या गोळ्यांची डबी पुढे केली. सात कप्प्यांची. तात्यांची रक्तदाबाची, काकूंची साखरेची, मी दर आठवड्याला भरून देते. कारण या घरात औषधातलं कळतं ते मला. मुलगा लांब असतो, फोनवर तोही माझ्याबद्दल म्हणतो, मावशी आहेत ना, त्यांना विचारा.

म्हणून बोलता येईना. मी बोलले तर ती डबी त्यांनी पुन्हा माझ्याकडे द्यायची का, हा प्रश्न त्यांच्यापुढे येणार. आणि त्यांनी दिली तरी ती मी कशी घ्यायची, हा माझ्यापुढे. त्या दिवशी मी डबी भरली. प्रत्येक गोळी चिठ्ठीशी तीन-तीनदा ताडून पाहिली. तात्यांच्या मनाला लागलेल्यावरचं औषध मात्र त्यात कुठल्याच कप्प्यात नव्हतं. ते मी भरू शकत होते, एका वाक्यात, आणि भरत नव्हते.

वरचं सगळं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सांगितलं. ठरवून नव्हे. तात्या दवाखान्यातून तिसरं इंजेक्शन घेऊन आले आणि माझ्या पायरीपाशी जरा टेकले. काकू आतून चहा घेऊन आल्या. तात्या अळवाच्या वाफ्याकडे बघत म्हणाले, इथंच बसायची ना ती. आणि मी म्हटलं, तात्या, ती तुमच्या तारेने गेली नाही. मी तिला गोळी दिली होती. ती गोळी मांजराला विष असते. मला माहीत नव्हतं. पाय बरा झाला असता, डॉक्टर तसं म्हणाले. ती माझ्यामुळे गेली.

माझ्यामुळे गेली, हे डॉक्टरांनी म्हटलं होतं का? पायाचं म्हटलं होतं, तार वेळेवर निघाली होती म्हणाले. मी काही वाढवून सांगितलं नाही.

काकूंनी कप खाली ठेवला.  मला वाटलं होतं, तात्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होईल. खरं सांगायचं तर त्याच आशेने मी बोलले. तसं काही झालं नाही. ते पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पन औषधाची येळ कुनी आनली, बाय? तार माझीच व्हती ना." त्यांचं त्यांच्यापाशी तसंच राहिलं, माझं माझ्यापाशी. मी सांगितल्याने त्यांचं काहीच उतरलं नाही, फक्त आता आम्ही दोघं एकाच पायरीवर बसलो होतो.

काकू उठून आत गेल्या. तात्या जायला निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे वळले नाहीत. विचारलं, "तिला लय तरास झाला का? शेवटाला?"

तेव्हा मला कळलं की तात्या इतके दिवस हेच विचारायचं टाळत होते. नाही म्हणायला किती सोपं होतं. झोपेतच गेली, काही कळलं नाही, असं माणसांच्या बाबतीत आपण सगळ्यांना सांगतो. तात्या ऐकायला तयार होते. पण तू कशी गेलीस हे तुझं होतं, ते मला बदलून सांगता येईना.

"हो, तात्या," मी म्हणाले. "झाला."